फुकटच्या सॉफ्टवेअरनं गाण्यांचा संग्रह लावून घ्या (नवख्यांसाठी)

गाणी कॉम्प्युटरवर फाईल म्हणून पडलेली आहेत, भरपूर आहेत, आणि हवं ते गाणं हव्या वेळी सापडत नाही अशा लोकांसाठी हे लिहितोय. म्हणजे मोबाईलच्या दुकानातनं मेमरी कार्डात भरून घेतलेली दोन-तीन हजार, जुन्या पीसीच्या हार्डडिस्कवरची वेगळी, भावकीतल्या कुणीतरी दिलेला पेनड्राइव्ह, आजोबांच्या कॅसेटींचं कुणीतरी करून दिलेलं एमपीथ्री, त्यात परत भजनी मंडळाचं मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग. कोल्हापुरात असले साठे घरोघरी आहेत, गल्लीतल्या साउंडवाल्याकडं तर विचारूच नका. नवरात्रात अंबाबाईची आरती लावायची म्हटली की फोल्डरात 'ट्रॅक ०१' नावाच्या डझनभर फाईली निघतात आणि एकेक वाजवून बघत बसायला लागतं. हे सगळं एका जागी, नावानिशी लावता येतं आणि त्याला एक रुपया लागत नाही. कॉम्प्युटरचं फार ज्ञान पण लागत नाही, कॉपी-पेस्ट येतंय ना, मग झालं.

एक आधीच सांगतो, स्ट्रीमिंग ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणी यात धरू नका. ती त्या ॲपच्या आतच कुलपात असतात, बाहेर काढून यादीत घालता येत नाहीत, आणि पैसे भरायचे थांबलात की वाजायची पण थांबतात. इथं आपण बोलतोय ते आपल्या सीड्या, कॅसेटी, विकत घेतलेल्या फाईली आणि घरचं रेकॉर्डिंग याबद्दल.

आधी एवढं कळलं पाहिजे

सगळे पहिला प्रश्न विचारतात की सॉफ्टवेअर कुठलं घेऊ. पण त्याच्या आधी टॅग म्हणजे काय ते बघा, कारण सगळा खेळ तिथं आहे. प्रत्येक एमपीथ्री फाईलच्या आत गाण्याच्या आवाजाबरोबर थोडी माहिती पण साठवता येते: गाण्याचं नाव, गायक, अल्बम, संगीतकार, वर्ष, ट्रॅक नंबर, मुखपृष्ठाचं चित्र. ह्यालाच टॅग म्हणायचं. फाईलचं नाव वेगळं आणि टॅग वेगळा. फाईलचं नाव 'ट्रॅक ०१' असलं तरी आत टॅग बरोबर असेल तर कुठलाही प्लेअर गाण्याचं खरं नाव दाखवतो. आणि उलटं पण होतं, फाईलचं नाव छान असतं आणि आत टॅगमध्ये कुठल्यातरी डाउनलोड साईटची जाहिरात भरलेली असते.

आता यातनं निघणारी गोष्ट: तुमची यादी सॉफ्टवेअरमध्ये ठेवू नका, फाईलमध्येच ठेवा. काही प्रोग्राम सगळी माहिती स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतात, उद्या तो प्रोग्राम बंद पडला किंवा कॉम्प्युटर फॉरमॅट मारला की तुमचं वर्षभराचं काम गेलं. टॅगमध्ये लिहिलेलं असेल तर गाणं जिकडं जाईल तिकडं माहिती त्याच्याबरोबर जाते, फोनवर, टीव्हीवर, मित्राच्या लॅपटॉपवर. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना दोनच गोष्टी बघायच्या, ते टॅग फाईलमध्ये लिहितं का, आणि यादी बाहेर काढून देतं का. बाकी दिसायला कसं आहे, स्किन कुठली आहे, नाचणारे पट्टे आहेत का, ह्याला काय अर्थ नाही.

मग घ्यायचं काय

विंडोज असेल तर माझं मत सरळ आहे: म्युझिकबी आणि एमपीथ्रीटॅग, दोन्ही टाका. म्युझिकबी हा प्लेअर आणि लायब्ररी, म्हणजे सगळा संग्रह एका खिडकीत बघायला, शोधायला, वाजवायला. एमपीथ्रीटॅग (स्पेलिंगमध्ये मधला थ्री हा आकडा, बाकी सगळं सलग) हे फक्त टॅग लिहायचं अवजार, पण एकदम शंभर-दोनशे फाईलींवर काम करायला ह्याच्यासारखं दुसरं नाही. दोन्ही विंडोजवर फुकट आहेत. जुना, कमी रॅमचा पीसी असेल तर म्युझिकबीच्या जागी फूबार२००० घ्या, दिसायला कोरडं आहे पण पळतं जोरात. मीडियामंकी पण चांगलंय, फक्त त्यातल्या काही सोयी पैसे भरल्यावरच उघडतात, म्हणून नवख्यानं तिकडं वळायची गरज नाही.

लिनक्सवाल्यांनी स्ट्रॉबेरी घ्यावं, उबुंटूत ऱ्हिदमबॉक्स असतो तो पण सुरुवातीला चालतो. टॅगसाठी किड३. मॅकवर एमपीथ्रीटॅग विकत घ्यावं लागतं त्यामुळं तिथं पण किड३ च, ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडं फुकट चालतं आणि ओपन सोर्स आहे.

फुकट म्हणजे काय ह्यात पण फरक असतो बरं का. किड३ किंवा पिकार्ड (ते पुढं येतंय) ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांचा कोड सगळ्यांना खुला आहे, एकानं सोडलं तर दुसरा पुढं चालवू शकतो. म्युझिकबी फुकट आहे पण कोड बंद आहे. आणि तिसरा प्रकार म्हणजे 'फ्री डाउनलोड' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि पन्नास गाणी झाली की पैसे मागायला लागतं, त्याच्या नादाला लागायचंच नाही. डाउनलोड करताना पण त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या साईटवरनंच करा. सर्च केल्यावर वर वर ज्या जाहिराती येतात, हिरवं बटण वगैरे, त्यातनं घेतलं की सोबत टूलबार, अँटिव्हायरस, कायकाय येतं ते काढता काढता दमाल.

हात लावायच्या आधी

सगळी गाणी एका जागी आणा. डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा, 'गाणी_मूळ' म्हणा, त्यात पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, जुनी हार्डडिस्क सगळं जसंच्या तसं ओता, लावायच्या भानगडीत पडू नका. मग त्या अख्ख्या फोल्डरची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढून बाजूला ठेवा आणि तिला हात लावायचा नाही. टॅग बदलणारं सॉफ्टवेअर थेट फाईलमध्ये लिहितं, एमपीथ्रीटॅगमध्ये अनडू आहे पण प्रोग्राम बंद केल्यावर त्याच्या भरवशावर राहता येत नाही. पाचशे गाण्यांना चुकून एकच नाव लागलं तर कॉपी असल्यावर माणूस हसतो, नसल्यावर रडतो.

जागा किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवलीय तो आकडा, तो मोठा तशी फाईल मोठी. १२८ केबीपीएसचं एमपीथ्री म्हणजे मिनिटाला साधारण १ एमबी. पाच मिनिटांची पाच हजार गाणी धरली तर २५ जीबीच्या आसपास, म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये बसतात. ३२० केबीपीएस असेल तर मिनिटाला २.४ एमबी, त्या हिशोबानं ६० जीबी. सीडीतनं थेट काढलेलं वेव्ह (न दाबलेली, अख्ख्या आवाजाची फाईल) असेल तर मात्र मिनिटाला १० एमबीच्या वर जातं. वेव्हमध्ये टॅगचा पण भरवसा नाही, काही प्लेअर वाचतात काही वाचत नाहीत, त्यामुळं अशा फाईली फ्लॅकमध्ये बदलून ठेवा. आवाजात काहीच कमी होत नाही, जागा साधारण निम्मी लागते आणि टॅग व्यवस्थित बसतात. हे बदलायला फ्रीॲक नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, सीडी कॉम्प्युटरवर उतरवायला पण तेच चालतं.

आणि एमपीथ्रीचं उलटं कधी करू नका. १२८ चं ३२० केलं म्हणून आवाज सुधारत नाही, फक्त फाईल फुगते. तसल्या फुगवलेल्या फाईली मेमरी कार्डात लई असतात.

वहीत आधी ठरवा

हा भाग लोकं टाळतात आणि मग तीन महिन्यांनी परत पहिल्यापासून करत बसतात. सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक पान घ्या आणि त्यावर आपले नियम लिहा. कारण ही सगळी सॉफ्टवेअरं इंग्रजी पॉप डोळ्यासमोर ठेवून बनवलीत, तिथं गायक आणि अल्बम सांगितला की विषय संपला. आपल्याकडं माणूस गाणं शोधतो ते गीतकारावरनं, संगीतकारावरनं, नाटकावरनं, रागावरनं.

उदाहरण घ्या सुधीर फडक्यांचं. आपल्या कोल्हापूरचे, १९१९ चा जन्म इथला. त्यांनी गायलेली गाणी वेगळी आणि त्यांनी चाल लावलेली पण दुसऱ्यांनी गायलेली वेगळी. टॅगमध्ये फक्त 'गायक' हा रकाना भरला असेल तर फडके म्हणून शोधल्यावर अर्धं काम गायबच होणार. शिवाय काही फाईलींवर 'बाबूजी' लिहिलेलं असतं, काहींवर इंग्रजीत पी-एच नं सुरू होणारं फडके, काहींवर एफ नं. सॉफ्टवेअरला ही चार वेगळी माणसं वाटतात. दुसरं उदाहरण आनंदघन. लता मंगेशकरांनी ह्या नावानं भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना संगीत दिलं, तर संगीतकाराच्या रकान्यात काय लिहायचं? मी म्हणतो रेकॉर्डवर जे नाव छापलंय ते, म्हणजे आनंदघन, आणि कॉमेंटच्या रकान्यात खरं नाव, म्हणजे दोन्हीकडनं शोधलं तरी सापडतं.

रकाने कसे वापरायचे ते असं ठरवा. आर्टिस्ट म्हणजे गायक. कंपोझर म्हणजे संगीतकार. लिरिसिस्ट म्हणजे गीतकार, हा रकाना एमपीथ्रीटॅगच्या डाव्या पट्टीत आपोआप नसतो, ऑप्शन्समध्ये टॅग पॅनेल म्हणून आहे तिथं जाऊन तो वाढवून घ्यायचा. दोन मिनिटांचं काम आहे पण ते एकदा केलं की जगदीश खेबुडकरांची सगळी गाणी एका क्लिकवर, मग ती लावणी असो की भक्तिगीत, कुणी का गायलेली असेना. अल्बम म्हणजे चित्रपट, नाटक किंवा कॅसेटचं नाव. अल्बम आर्टिस्ट हा रकाना लोकं रिकामा सोडतात आणि मग एकाच चित्रपटाची सहा गाणी सहा वेगवेगळ्या अल्बममध्ये फुटतात, कारण गायक वेगळे. चित्रपट असेल तर अल्बम आर्टिस्टमध्ये सगळ्या गाण्यांना संगीतकाराचं नाव टाका, फुटणं थांबतं.

जॉनर म्हणजे प्रकार: भावगीत, नाट्यसंगीत, लावणी, पोवाडा, अभंग, आरती, चित्रपट, शास्त्रीय, बालगीत. दहा-बाराच्या वर जाऊ नका. काही जण 'दुःखी भावगीत', 'पावसाळी' असे पन्नास प्रकार करतात, त्यासाठी प्लेलिस्ट आहे की, टॅग कशाला नासवता.

आता देवनागरी की इंग्रजी? टॅग देवनागरीत, फाईलचं नाव इंग्रजी अक्षरात. याचं कारण पुढं गाडीच्या म्युझिक सिस्टीमपाशी येईल. देवनागरी लिहिताना युनिकोडच वापरा, म्हणजे फोनवर टाइप करतो तेच. डीटीपीवाल्याकडनं श्रीलिपीत टाइप करून आणलेली यादी असेल तर ती तशीच चिकटवू नका, तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, आधी कन्व्हर्टरमधनं युनिकोड करून घ्या. अजून एक बारीक गोष्ट, नावाच्या शेवटी चुकून एक स्पेस राहिली तरी दिसायला नाव तेच पण सॉफ्टवेअरला ते वेगळं. 'ॲ' हे अक्षर पण दोन पद्धतीनं टाइप होतं, एक अख्खं एकच अक्षर आणि दुसरं 'अ' वर चंद्र दिलेला, डोळ्याला सारखंच, कॉम्प्युटरला नाही. म्हणून नाव दरवेळी नव्यानं टाइप करायचं नाही, एकदा बरोबर लिहिलेलं कॉपी करून चिकटवायचं.

कचरा काढायचा

आता एमपीथ्रीटॅग उघडा, फोल्डर त्यात ओढून टाका. पहिल्यांदा ऑप्शन्समध्ये टॅग्ज, त्यात एमपीईजी, तिथं लिहिताना आयडीथ्री व्ही२.३ (टॅग लिहायची पद्धत) आणि यूटीएफ-१६ (अक्षरं साठवायची पद्धत) निवडलेलं आहे ना बघून घ्या, मराठीसाठी हे सगळीकडं चालतं. जुना व्ही१ प्रकार १९९६ सालचा आहे, त्यात नावाला फक्त ३० जागा आणि देवनागरी बसतच नाही, काही स्वस्तातले प्लेअर मात्र तोच वाचतात आणि अर्धवट नाव दाखवतात. माझ्या मते तो काढूनच टाकावा.

आता फाईलींची यादी दिसेल. अल्बमच्या मथळ्यावर क्लिक केलं की त्या क्रमानं लागते, लगेच कळतं कचरा कुठं आहे. एका चित्रपटाची सगळी गाणी एकदम सिलेक्ट करा, डावीकडं जे रकाने सगळ्यांना सारखे आहेत तिथं ते नाव दिसेल, जे वेगवेगळे आहेत तिथं 'कीप' असं लिहून येईल. कीप म्हणजे जसं आहे तसं ठेव. तुम्ही फक्त अल्बम, अल्बम आर्टिस्ट, संगीतकार, वर्ष भरा, बाकी कीपला हात लावू नका, सेव्ह करा. नवखे इथंच गडबडतात, सगळी गाणी सिलेक्ट असताना टायटलमध्ये एक नाव टाकतात आणि अख्ख्या अल्बमला तेच नाव लागतं.

डाउनलोड साईटची नावं घालवायला ॲक्शन्समध्ये रिप्लेस आहे. काय शोधायचं ते लिहा, त्याच्या जागी काहीच लिहू नका, सगळ्या फाईलींवर एकदम चालवा. टायटल, अल्बम, कॉमेंट, जॉनर, सगळीकडं त्या साईटवाल्यांनी नाव घुसवलेलं असतं, मुखपृष्ठाच्या चित्रावर सुद्धा. चित्र पण काढून टाका.

फाईलचं नाव बरोबर आहे पण टॅग रिकामा आहे अशी गाणी असतील तर कन्व्हर्ट मेनूत फाईलनेम टू टॅग आहे. फाईलच्या नावात आधी गायक मग डॅश मग गाणं असा क्रम असेल तर तोच क्रम तिथं सांगायचा, एका झटक्यात सगळ्यांचे टॅग भरतात. खाली नमुना दाखवतो तो बघूनच ओके करा.

नाव भरायला माहिती आणायची कुठनं? मराठीसाठी 'आठवणीतली गाणी' ही साईट सगळ्यात कामाची आहे, गीत, संगीत, स्वर, चित्रपट किंवा नाटक, बऱ्याच ठिकाणी राग पण दिलेला असतो. सीडी-कॅसेटचं कव्हर घरात असेल तर ते त्याहून भारी.

ट्रॅक नंबर दोन आकडी टाका, ०१, ०२ असे. नाहीतर काही प्लेअर १ नंतर थेट १० आणि मग २ लावतात. एरवी फरक पडत नाही पण गीतरामायणासारखं ५६ गाण्यांचं असेल तर क्रम चुकला की रामजन्माआधीच वनवास. शिवाय त्यात १९५५-५६ ला पुणे आकाशवाणीवर वेगवेगळ्या गायकांनी गायलेलं वेगळं आणि फडक्यांनी सगळं स्वतः गायलेलं वेगळं. दोन्ही असतील तर अल्बमच्या नावातच फरक करा.

पिकार्ड कधी वापरायचं

म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे जरा जादूचं आहे. गाण्याचं नाव माहीत नसलं तरी ते आवाजावरनं गाणं ओळखतं, फाईलचा एक ठसा काढतं, तो इंटरनेटवरच्या ॲकॉस्टआयडी नावाच्या साठ्याशी जुळवतं आणि म्युझिकब्रेन्झ नावाच्या डेटाबेसमधनं माहिती आणतं. हा डेटाबेस जगभरातले लोक स्वखुशीनं भरतात, त्यामुळं ज्याची माहिती कुणी भरली असेल तेच सापडणार. इंग्रजी आणि नव्या हिंदी चित्रपटांचं भरपूर सापडतं. जुन्या मराठीचं, भजनांचं, शाहिरांचं फार सापडेल अशी आशा ठेवू नका, आणि गावाकडच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग तर कुणी भरलेलंच नसणार.

वापरायचं असं: फाईली डावीकडं टाका, क्लस्टर हे बटण दाबा, मग लुकअप, त्यात नाही जमलं तर स्कॅन. उजवीकडं अल्बम येतात. मग प्रत्येक जुळणी डोळ्यानं बघायची आणि मगच सेव्ह. ऑप्शन्समध्ये फाईलचं नाव बदल आणि फाईल हलव असे दोन पर्याय आहेत, सुरुवातीला ते बंद ठेवा, फक्त टॅग लिहू दे. एक गोची लक्षात ठेवा, ते बऱ्याचदा गाणं कुठल्यातरी 'बेस्ट ऑफ' सीडीत टाकतं आणि वर्ष त्या सीडीचं लावतं, म्हणून १९६५ चं गाणं २००३ चं होऊन बसतं. सगळा संग्रह एकदम त्यात ओतून सेव्ह मारणं हा वेडेपणा आहे. हिंदी आणि इंग्रजीचा फोल्डर वेगळा काढा, तेवढाच त्याच्यासमोर ठेवा.

रागदारी ऐकणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात हा भाग सोडता येत नाही. गायन समाज देवल क्लब १८८३ पासून इथं आहे, शाहू महाराजांच्या काळात अल्लादियाखाँसाहेब इथं दरबार गायक होते, त्यामुळं जयपूर-अत्रौलीची रेकॉर्डिंग ज्याच्या-त्याच्याकडं सापडतात. आणि ह्या घराण्याचा संग्रह लावणं सगळ्यात अवघड, कारण अनवट आणि जोड राग. बसंती केदारची फाईल कुणीतरी नुसतं केदार म्हणून नाव दिलेली असते, संपूर्ण मालकंसचं नुसतं मालकंस होतं, ऐकणाऱ्याला कळतं पण सॉफ्टवेअरला कळायचा प्रश्नच नाही, त्यामुळं इथं कुठलंही ऑटोमॅटिक चालवू नका, कान लावून स्वतः लिहा, शंका आली तर जाणत्या माणसाला ऐकवा.

टायटलची सुरुवातच रागानं करा: आधी राग, मग बंदिशीचे पहिले शब्द, मग ताल. म्युझिकबीमध्ये कस्टम टॅग करता येतो, 'राग' नावाचा रकाना जरूर करा, त्यावर गटवारी फार छान होते, पण तो रकाना फोनवरच्या प्लेअरला दिसेलच असं नाही. म्हणून टायटलमध्ये पण हवा. साथीदारांची नावं कॉमेंटमध्ये, तबला कुणाचा, हार्मोनियम कुणाची, आणि मैफल कुठं झाली, कुठल्या साली, हे माहीत असेल तर तिथंच. घरगुती मैफलीचं रेकॉर्डिंग असेल तर ही माहिती दुसरीकडं कुठंच मिळणार नाही, ज्यांना आठवतंय त्यांना आत्ताच विचारून घ्या.

कॅसेट अजून उतरवायची असेल तर ऑडॅसिटी, हे पण फुकट. टेपच्या हेडफोनच्या भोकातनं वायर लॅपटॉपला, लॅपटॉपला एकच भोक असेल तर छोटं यूएसबी साउंड कार्ड लागतं. अख्खी बाजू एका दमात रेकॉर्ड करायची, मग जिथं जिथं गाणं बदलतं तिथं लेबल टाकायचं, आणि एक्स्पोर्ट करताना मल्टिपल फाईल्स निवडलं की प्रत्येक गाणं वेगळं होऊन निघतं, लेबलला जे नाव दिलं तेच फाईलचं नाव.

डबल गाणी

टॅग झाल्यावरच हे करा, आधी नाही. डुपगुरू नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, त्यात म्युझिक मोड आहे, तो टॅगवरनं सारखी गाणी शोधून समोर ठेवतो. म्युझिकबीमध्ये पण डुप्लिकेट शोधायची सोय आहे. आता कुठली ठेवायची? केबीपीएसचा आकडा मोठा ती, असं सरसकट म्हणू नका, वर सांगितलं तसं ती फुगवलेली असू शकते. स्पेक नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाईल टाकली की आवाजाचं चित्र दिसतं, ३२० म्हणवणारी फाईल १६ किलोहर्ट्झच्या आसपास सरळ कापल्यासारखी दिसली तर ती बहुतेक १२८ वरनंच आलीय. जुन्या तबकड्यांवरनं घेतलेल्या रेकॉर्डिंगला मात्र हे लागू नाही, तिथं मुळातच वरचा आवाज नसतो.

पुसायच्या ऐवजी एका 'डबल' फोल्डरात हलवा. लांबी बघा, एक गाणं चित्रपटातलं साडेतीन मिनिटांचं आणि दुसरं कार्यक्रमातलं आठ मिनिटांचं असेल तर ते डबल नाही.

फोल्डर, यादी, फोन, गाडी

फोल्डर सगळ्यात शेवटी लावायचे, कारण टॅग बरोबर असले की सॉफ्टवेअरच ते लावून देतं. म्युझिकबीमध्ये ऑर्गनाइज फाईल्स आहे. त्याला सांगायचं की आधी प्रकार, मग अल्बम, मग ट्रॅक नंबर आणि नाव. फक्त ते टॅगवरनं देवनागरीत नाव देणार, तुम्हाला इंग्रजी हवं असेल तर फाईलचं मूळ नाव ठेवायचा पर्याय निवडा आणि फोल्डरच तेवढे त्याच्याकडनं लावून घ्या. फोल्डरात फोल्डर करत फार खोल जाऊ नका, विंडोजवर पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या वर गेला की कॉपी करताना रडारड सुरू होते.

यादी छापून हवी असते बऱ्याच जणांना, विशेषतः ऑर्केस्ट्रावाले आणि भजनी मंडळं. एमपीथ्रीटॅगमध्ये फाईल मेनूत एक्स्पोर्ट आहे, सीएसव्ही (साधी रकान्यांची फाईल) काढा, ती एक्सेल नाहीतर लिब्रेऑफिसमध्ये उघडते. लिब्रेऑफिस घ्या, ते फुकट आहे आणि उघडतानाच विचारतं की अक्षरं कुठल्या पद्धतीची, तिथं युनिकोड निवडलं की मराठी नीट येतं. एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली तर कधी कधी सगळी अक्षरं विचित्र दिसतात, यादी खराब झालेली नसते, उघडायची पद्धत चुकलेली असते.

फोनवर म्युझिकोलेट घ्या, जाहिराती नाहीत, इंटरनेट लागत नाही, टॅग पण बदलता येतात. व्हीएलसी पण चालतं. घरात वायफाय असेल आणि एखादा जुना पीसी पडून असेल तर त्यावर नॅविड्रोम टाकून अख्ख्या घराला गाणी ऐकवता येतात, पण तो पुढचा विषय आहे, पहिल्याच आठवड्यात तिकडं जाऊ नका.

गाडीत मात्र बऱ्याच म्युझिक सिस्टीमना देवनागरी येत नाही, नुसते चौकोन दिसतात. तसल्या सिस्टीमवर फोल्डर आणि फाईलच्या नावानं बघायचा पर्याय असतो, म्हणून फाईलचं नाव इंग्रजी अक्षरात ठेवायला सांगितलं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, आणि संग्रहाची मूळ कॉपी कधी गाडीत ठेवू नका, उन्हात तापून पेनड्राइव्ह कधी मरेल सांगता येत नाही.

बॅकअप

एवढं सगळं केल्यावर तीन कॉप्या पाहिजेत: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि एक दुसऱ्याच्या घरी. तिसरी लोकांना जास्तीची वाटते. पण आपण पंचगंगेच्या काठचे, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ दोन्ही वेळा पाणी कुठवर आलं ते बघितलंय, तळमजल्यावरचं कपाट आणि त्यातल्या दोन्ही हार्डडिस्क एकदमच पाण्यात जातात. उंचावरच्या भागातला पाहुणा, मेव्हणा, कुणीतरी बघा आणि एक डिस्क त्याच्याकडं ठेवा, वर कागद चिकटवून तारीख लिहा.

कॉपी करताना दरवेळी सगळं परत ओतत बसायला नको म्हणून फ्रीफाईलसिंक आहे, तेही फुकट, दोन फोल्डर समोरासमोर ठेवून फक्त बदललेल्या फाईली दाखवतं. सिंक दाबायच्या आधी कुठून कुठं जातंय तो बाण नीट बघा, उलटा असेल तर जुनं नव्यावर बसेल. नवीन गाणी आली की ती थेट संग्रहात टाकू नका, 'नवीन' म्हणून एक फोल्डर ठेवा, त्यात साठू दे, आणि महिन्यातनं एखाद्या रविवारी वहीतल्या नियमाप्रमाणं टॅग लावून मगच आत घ्या.